घरखर्चाच्या वहींतून : पाटल्या आणि प्रोसेसर

गेल्या महिन्यांत आमच्याकडे आलेल्या पत्रांत एक पत्र असें होतें कीं, त्यास टपालानें चार ओळींचें उत्तर धाडून मोकळें व्हावें असें आम्हांस प्रथम वाटलें, व तसें उत्तर आम्हीं धाडलेंहि. परंतु मागाहून लक्षांत आलें कीं, तोच प्रश्न आज पुष्कळ घरीं उभा आहे, आणि विचारण्याचा संकोच मात्र सर्वांसच वाटतो. म्हणून लेखकाचें नांव-गांव न देतां त्या पत्राचा आशय व आमचें सविस्तर उत्तर येथें देत आहों.

पत्रलेखक आमच्याच बुलढाणा जिल्ह्यांत, घाटाखालच्या एका गांवीं, माध्यमिक शाळेंत शिक्षक आहेत. कन्या बारा वर्षांची. बुद्धिबळांत तिची गति चांगली आहे. जिल्ह्याच्या स्पर्धांत तिनें बक्षिसें मिळविलीं असून गेल्या वर्षापासून ती राज्याच्या स्पर्धांतहि उतरूं लागली आहे. शहरांतील एका परिचितांनीं मास्तरांस सांगितलें कीं, हल्लीं बुद्धिबळ म्हणजे संगणकाचाच खेळ झाला आहे; सोळा कोअरचा प्रोसेसर असलेलें यंत्र घरीं नसेल तर मुलगी मागें पडेल. अशा यंत्राचा अंदाज दीड लाखावर गेला. मास्तरांजवळ शिल्लक साठ हजार. उरलेल्या रकमेसाठीं त्यांच्या मातोश्रींनीं हातांतल्या पाटल्या काढून पुढें ठेवल्या. "त्या घेववत नाहींत, आणि परत करावयास गेलों तर ती रागावते. तेव्हां एवढेंच सांगावें कीं, हा प्रोसेसर खरोखर लागतो काय?" असा पत्राचा शेवट आहे.

लागत नाहीं. उत्तर प्रथमच देऊन टाकतों, आणि मग कारणें सांगतों. कारण पाटल्या परत करावयाच्या तर आजीबाईंस पटेल असें कांहीं तरी मास्तरांच्या हातीं असावयास हवें.

बुद्धिबळ खेळणारें यंत्र करतें काय, हें आधीं पाहूं. आमचे आजोबा ओसरीवर पट मांडून बसत, तेव्हां त्यांचें बोट हवेंत फिरत असे. मी येथें आलों तर तो तेथें जाईल, मग मी घोडा काढीन, असा तो हिशेब. यंत्रहि तोच हिशेब करतें, फक्त बोट हलवीत नाहीं. पटावरील कोणत्याहि स्थितींत सरासरी तीस-पस्तीस चाली करतां येतात. प्रत्येक चालीस तितकींच उत्तरें. म्हणजे दोन चालींत स्थितींची संख्या हजाराच्या आसपास जाते, आणि चार चालींत दहा लक्षांच्या. ह्या रानांत एकेक पान मोजीत कोणी बसत नाहीं. एकादी चाल वाईट आहे हें ठरविण्यास तिचें एकच सणसणीत उत्तर सांपडलें तरी पुरें. मग तिच्या बाकीच्या फांद्या पाहण्याचें कारण उरत नाहीं. हा छाटणीचा विचार जितका चांगला, तितका कार्यक्रम चांगला. प्रोसेसर म्हणजे केवळ पाय. कोणत्या वाटेनें जावयाचें हें कार्यक्रम ठरवितो.

हें म्हणणें पोकळ नव्हे. १९९७ सालच्या मे महिन्यांत न्यूयॉर्क येथें आयबीएमच्या 'डीप ब्लू' यंत्रानें त्या वेळचा जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह यास सहा डावांच्या सामन्यांत साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनीं हरविलें. त्या यंत्रांत केवळ बुद्धिबळासाठीं घडविलेल्या ४८० चिपा होत्या, आणि तें सेकंदाला सुमारें वीस कोटि स्थिति तपाशीत असे. आज आपल्या घरांतील साधा संगणक स्टॉकफिश हा कार्यक्रम चालवितांना सेकंदाला कांहीं दशलक्ष स्थिति पाहतो. खिशांतील दूरध्वनि त्याहून कमी. तरी आजच्या स्टॉकफिशसमोर ती जुनी डीप ब्लू टिकणार नाहीं, ह्याविषयीं जाणत्यांत मतभेद नाहीं. पाय मंद, पण वाट माहीत! २०२० सालच्या सप्टेंबरांत स्टॉकफिशच्या बाराव्या आवृत्तींत एक छोटें न्यूरल जाळें बसविण्यांत आलें. स्थितीची पारख करण्याचें काम त्याकडे आहे. ही कल्पना युरोप-अमेरिकेंतली नव्हे. जपानी शोगी खेळाच्या कार्यक्रमासाठीं यू नासू यांनीं २०१८ सालीं ती मांडली होती. त्या एका फेरफारानें कार्यक्रमाचें बळ जेवढें वाढलें, तेवढें बळ विकत घेण्यासाठीं कोणीं दुकानांत गेला असता तर त्यास बरेच नवे प्रोसेसर उचलावे लागले असते. आणि हा कार्यक्रम फुकट आहे. २००८ पासून जगभरचे लोक त्यावर काम करीत आले आहेत व तो कोणासहि उतरवून घेतां येतो.

गुणांकनाच्या भाषेंत बोलावयाचें तर, माणसांत आजवर सर्वांत वरचा आंकडा नॉर्वेच्या मॅग्नस कार्लसन याचा, २८८२, हा २०१४ सालचा. यंत्रांच्या याद्यांत स्टॉकफिश ३५०० च्या वर आहे. दोन याद्या वेगळ्या असल्यानें आंकड्यास आंकडा भिडवितां येत नाहीं हें खरें. पण अंतर किती आहे तें दिसून येतें. बारा वर्षांच्या मुलीस शिकविणारा गुरु तिच्याहून दोन हजार पायऱ्या वर आहे. तो आणखी पन्नास पायऱ्या चढला तर तिला काय कळणार?

आतां कोअरांचा प्रश्न. पाटल्या त्यापायींच निघाल्या आहेत.

खामगांव-मलकापूरकडील वाचकांस जिनिंग नवें नाहीं. कापसाचा ढीग एक, जिन बारा. बाराचे चोवीस केले तर रुई आणि सरकी निम्म्या वेळांत वेगळी होते, कारण एका जिनास दुसऱ्याची विचारपूस करावी लागत नाहीं. परिचित गृहस्थांनीं सोळा कोअरचा हिशेब बहुधा ह्याच रीतीनें केला असावा. परंतु बुद्धिबळाचा विचार कापसासारखा वांटून देतां येत नाहीं. दुसऱ्या चालीकडे किती लक्ष द्यावयाचें, हें पहिल्या चालीचा निकाल लागल्यावर ठरतें. म्हणून स्टॉकफिशनें सोपा मार्ग धरला आहे: सर्व कोअर एकाच स्थितीवर एकदम सुटतात, आणि ज्यास जें सांपडेल तें तो मेमरींतल्या एका सामाईक वहींत टिपून ठेवतो. दुसरा तेथें आला कीं टिपण वाचतो व पुढें जातो. रीत चांगली आहे, पण तींत एकच काम दोघांनीं केल्याचे प्रसंग येणारच. सहा कोअर लाविले म्हणजे मोजलेल्या स्थितींची संख्या सहापटीच्या जवळ जाते. विचाराची खोली त्या प्रमाणांत वाढत नाहीं. कोअर वाढवीत गेल्यास ही तफावतहि वाढत जाते. दुकानदार जो दुसरा आंकडा सांगतात, 'सहा कोअर, बारा थ्रेड', त्यांतील बारा म्हणजे बारा माणसें नव्हेत. सहाच माणसें, हातांतलें काम अडलें कीं दुसऱ्या कामास हात घालणारीं. त्यानें वेग कांहींसा वाढतो, दुप्पट होत नाहीं.

पुष्कळ स्वस्त प्रोसेसर एकत्र बांधून महागड्या यंत्राचें काम काढून घेण्याची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. शेजारच्या अकोला जिल्ह्यांतील मुरंबा गांवीं जन्मलेले डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं, १९८८ सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें १९९१ सालीं 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला, तो ट्रान्सप्यूटर नांवाचे लहान प्रोसेसर जोडूनच. बाहेरून तयार महासंगणक मिळण्यांत अमेरिकेच्या अटींचे अडथळे होते. त्या कामाविषयीं ज्यांनीं कांहीं वाचलें असेल त्यांस ठाऊक आहे कीं, प्रोसेसर जोडणें हा त्यांतला सोपा भाग होता. काम कसें वांटावें हा अवघड.

तेव्हां पैशाचा हिशेब मांडूं. एकाच पिढीचे दोन प्रोसेसर घेऊं. एएमडी कंपनीचा सोळा कोअरचा 'रायझन ९ ७९५०एक्स' २०२२ सालीं बाजारांत आला तेव्हां त्याची अमेरिकेंतील किंमत ६९९ डॉलर होती. त्याच घराण्यांतला सहा कोअरचा 'रायझन ५ ७६००' २०२३ च्या आरंभीं आला, तो २२९ डॉलरला. किंमत तिप्पट. थोरल्यास थंड ठेवण्याची सामग्री मोठी, त्याचा बोर्ड महाग, वीज पुरविणारी पेटी मोठी. हें धरलें म्हणजे तिप्पट हा आंकडाहि लाजून मागें सरतो. ह्या खर्चानें वेग फार तर अडीचपट-तिप्पट होईल. पण वेग आणि बळ ह्या एक गोष्टी नव्हत. वेग दुप्पट केला तर गुणांकनांत पन्नासाच्या आसपास भर पडते, असा जुन्या मंडळींचा अजमास आहे. आणि यंत्रास विचाराला जसजसा अधिक वेळ द्यावा तसतशी ती भर आणखी लहान होत जाते, कारण दोन्ही बाजू इतक्या चांगल्या खेळूं लागतात कीं डाव बरोबरींतच सुटतात.

आणि ज्यावर आमचा सर्वांत अधिक भर आहे तें हें: मुलगी यंत्राशीं घड्याळ लावून सामना खेळत नाहीं. ती आपला हरलेला डाव घालते आणि कोठें चुकलें तें विचारते. थोरला प्रोसेसर दहा सेकंदांत जें सांगेल, तेंच धाकटा पंचवीस-तीस सेकंदांत सांगेल. मधले पंधरा-वीस सेकंद तिनें पटाकडे पाहिलें तर तेवढाच अभ्यास. त्या सेकंदांसाठीं पाटल्या मोडावयाच्या काय, असें आजीबाईंनाच विचारावें.

थोरलें यंत्र कोणासच नको असें आमचें म्हणणें नाहीं. टपाली बुद्धिबळ खेळणारे, ज्यांस एकेका चालीसाठीं दिवस मिळतात व ज्यांच्या प्रकारांत यंत्राची मदत घेण्यास मुभा आहे, ते यंत्रें रात्रंदिवस चालवितात. ग्रँडमास्टरांसाठीं आरंभींच्या चालींत नवें कांहीं शोधून काढणारे साहाय्यक, तसेंच स्वतः कार्यक्रम लिहिणारे, ह्यांस वेग लागतो. 'लीला' नांवाचें दुसरें इंजिन आहे, तें प्रोसेसरावर नव्हे तर ग्राफिक्स कार्डावर चांगलें चालतें. गूगलच्या 'अल्फाझीरो'च्या धाटणीवर तें बनलें. २०१७ सालीं अल्फाझीरोनें सेकंदाला केवळ ऐंशी हजार स्थिति पाहून, सात कोटि पाहणाऱ्या तेव्हांच्या स्टॉकफिशविरुद्ध शंभर डावांत २८ जिंकले, ७२ बरोबरींत सोडविले व एकहि गमावला नाहीं. स्टॉकफिशला दिलेल्या सोयींविषयीं पुढें तक्रारी झाल्या, आणि अल्फाझीरोमागचीं यंत्रेंहि सामान्यांच्या आवाक्यांतलीं नव्हतीं. पण लीलेसाठीं म्हणून मास्तरांनीं ग्राफिक्स कार्डाच्या मागें लागूं नये.

मग घ्यावें काय? सहा कोअरचा, ६५ वॅटांचा, अंगचींच चित्रें दाखविण्याची सोय असलेला प्रोसेसर. नवा घ्यावयाचा तर वर सांगितलेला रायझन ५ ७६००. त्याहून स्वस्तांत, जुन्या पिढीचा रायझन ५ ५६००जी किंवा इंटेलचा कोअर आय५-१२४००. ह्यांतला जो ज्या आठवड्यांत बोर्डासह स्वस्त मिळेल तो. मेमरी सोळा गिगाबाइट पुरे. त्यांतील दोन-चार गिगाबाइट त्या सामाईक वहीस द्याव्या. अंत्यखेळाचीं तयार कोष्टकें मिळतात, त्यांत पटावर मोजकीं मोहरीं उरलीं असतां निकाल काय हें अचूक लिहिलेलें असतें. राजे धरून पांच मोहऱ्यांपर्यंतचीं कोष्टकें एका गिगाबाइटांत बसतात, सहांचीं दीडशेंच्या आसपास जागा घेतात, आणि सातांचीं अठरा हजार गिगाबाइट! घरीं पांचांचीं असूं द्यावीं. सहांचीं ठेवावयाचीं असतील तर डिस्क फिरत्या तबकडीची नसावी.

'अंगचींच चित्रें' हें शब्द आम्हीं मुद्दाम लिहिले, कारण त्यांसाठीं आम्हीं दंड भरला आहे. आमच्या पुतण्यासाठीं दोन वर्षांपूर्वीं आम्हीं सुटे भाग मागवून यंत्र जोडविलें. किंमत पाहिली, कोअर मोजले, वॅट पाहिले. दसऱ्यास पूजा करून कळ दाबली. पंखे फिरले, दिवे लागले, पडदा मात्र काळा. घरांतील प्रत्येकानें एकेक तार काढून पुन्हां बसविली. शेवटीं शेजारच्या पॉलिटेक्निकांतल्या मुलानें पेटीवरील नांव वाचून हंसत सांगितलें कीं, ह्या प्रोसेसरांत पडद्यावर चित्र उमटविण्याचा भागच नाहीं. त्यास वेगळें कार्ड लागतें. तेव्हां वाचकांनीं एवढें ध्यानांत ठेवावें: रायझन ५६०० आणि ५६००जी ह्यांत त्या एका 'जी'चा फरक आहे, आणि इंटेलच्या नांवाशेवटीं 'एफ' असेल तर चित्राचा भाग नाहीं असें समजावें. आमच्या काळ्या पडद्याचा दोष कोणा दुकानदाराचा नव्हता. अक्षर आम्हींच वाचलें नव्हतें.

त्या आधींची चूक लॅपटॉपची होती, ती अधिक महागांत पडली. नांव मोठें होतें, पण नांवाशेवटीं 'यू' हें अक्षर होतें. त्याचा अर्थ, वीज थोडी खाणारा, म्हणून फार वेळ जोरानें न धांवणारा. दुकानाच्या थंड खोलींत तो उत्तम चालला. घरीं आणल्यावर मे महिन्याच्या दुपारीं स्टॉकफिश लाविला, तर पांच मिनिटांत वेग निम्म्यावर आला. येथें घाटावरच्या व घाटाखालच्या वाचकांस वेगवेगळा सल्ला द्यावा लागतो. बुलढाणा डोंगरावर, पूर्वींचें थंड हवेचें ठिकाण. तेथें जें यंत्र सुखानें चालेल, तेंच नांदुऱ्यास किंवा मलकापुरास वैशाखांत धापा टाकील. त्यांत गूढ कांहीं नाहीं. खोलीची उष्णता जितक्या अंशांनीं चढते, साधारण तितक्याच अंशांनीं प्रोसेसरचीहि चढते; आणि ठराविक मर्यादेस पोंचला कीं तो स्वतःला वांचविण्यासाठीं वेग उतरवितो. म्हणून आमच्या बाजूस बुद्धिबळासाठीं लॅपटॉप घेऊं नये, मोठें खोकें घ्यावें. कमी वॅटांचा प्रोसेसर चांगला, ह्याचें हेंहि एक कारण. १७० वॅटांचा प्रोसेसर रात्रीं आठ तास चालत ठेवला तर एकटा तोच छापील आंकड्यांप्रमाणें १.३६ युनिट खाईल, ६५ वॅटांचा ०.५२. महिन्याचा फरक पंचवीस युनिटांचा. वीज जाते तेव्हां इन्व्हर्टरवर पंखा चालू ठेवावयाचा कीं यंत्र, हा कलह घरोघरीं वेगळाच.

साठ हजार हीहि मोठी रक्कम आहे. मास्तरांनीं जुन्या बाजारांत पाहण्यास हरकत नाहीं. मोठ्या शहरांतील कचेऱ्या तीन-चार वर्षांनीं संगणक काढून टाकतात, आणि त्यांतले बरेच चांगले असतात. मात्र दोन गोष्टी पाहाव्या. आजचा स्टॉकफिश 'एव्हीएक्स२' ह्या आज्ञांचा उपयोग करतो. त्या इंटेलनें २०१३ च्या पिढीपासून दिल्या. पण त्या काळचे व पुढचीं कांहीं वर्षें आलेले सेलेरॉन आणि पेंटियम ह्यांत त्या नाहींत. वर्ष नवें म्हणून फसूं नये. दुसरें, स्टॉकफिशच्या निरनिराळ्या बांधणी मिळतात. रायझनच्या १००० ते ३००० ह्या जुन्या मालिकांवर 'बीएमआय२' नांवाची बांधणी मंद चालते, कारण तींतली एक आज्ञा ते प्रोसेसर फार रेंगाळत करतात. तेथें 'एव्हीएक्स२' बांधणीच लावावी. यंत्र मंद आहे म्हणून विकून टाकणाऱ्या कित्येकांचें यंत्र मंद नसतें, बांधणी चुकीची असते.

दुकानीं जातांना पेनड्राइव्हवर स्टॉकफिश न्यावा. तो उघडून 'बेंच' असें लिहिलें कीं तो ठराविक स्थिति सोडवितो व सेकंदाला किती पाहिल्या तें सांगतो. पण ती आज्ञा बहुधा एकच कोअर कामास लावते. नव्या आवृत्तींत 'स्पीडटेस्ट' आहे, ती सर्व कोअर लावते. ती तीन-चारदां लागोपाठ चालवावी. पहिला आंकडा व शेवटचा आंकडा ह्यांत फार अंतर पडलें तर नमस्कार करून बाहेर पडावें. खामगांवच्या सराफ्यांत चांदी कसाला लावल्यावांचून आपण घेत नाहीं. येथें लाज कां वाटावी?

यंत्राशिवायहि गाडें अडत नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. लिचेस ह्या फुकट संकेतस्थळावर आपला डाव घातला तर स्टॉकफिशकरवीं तपासून मिळतो. तें काम स्वयंसेवकांच्या संगणकांवर होतें. दिवसाला एक-दोन डाव तपासणाऱ्या मुलीस कांहीं महिने तेवढेंच पुरेल.

आणि यंत्र आल्यावर जें होतें त्याची आम्हांस अधिक काळजी वाटते. पडद्याच्या कडेस एक आंकडा असतो, अधिक दीड, उणें पाऊण, असा. मूल त्या आंकड्याकडे पाहूं लागतें, पटाकडे पाहणें सोडतें. आमच्या पुतण्याचें असेंच झालें. कोणत्याहि प्रसिद्ध डावांत चूक कोठें झाली हें तो तत्काळ सांगे, आणि स्वतःच्या डावांत तीच चूक करी. मग आम्हीं नियम घातला: हरलेला डाव आधीं वहींत उतरावयाचा, कोठें चुकलें असें वाटतें तें आपल्या अक्षरांत लिहावयाचें, आणि त्यानंतर यंत्र लावावयाचें. पहिले दोन महिने त्यानें तोंड वांकडें केलें. वही अजून चालू आहे.

नागपूरच्या दिव्या देशमुख हिनें २०२५ सालच्या जुलैंत जॉर्जियांतील बटुमी येथें महिलांचा विश्वचषक जिंकला, अंतिम फेरींत कोनेरू हंपी हिला हरवून. आणि त्याबरोबरच ती ग्रँडमास्टर झाली. तेव्हां विदर्भांतल्या घराघरांत पट बाहेर निघाले, आणि मास्तरांच्या परिचितांचा सल्लाहि बहुधा त्याच लाटेंतला असावा. त्या दालनांत मात्र मुलीसमोर पट असतो, घड्याळ असतें, आणि दूरध्वनि सुद्धां बाहेर ठेवावा लागतो. तेथवर पोंचावयाचें तर पोर दूरच्या स्पर्धांत खेळली पाहिजे. नागपूर, पुणें, मुंबई. प्रवेशशुल्क, दोन माणसांचें तिकीट, चार-पांच दिवसांचें राहणें. घाटाखालच्यांस निदान शेगांव, नांदुरा, मलकापूर हीं स्थानकें आहेत. मेहकर-चिखलीच्या पालकांस आधीं एस.टी.नें स्थानक गांठावें लागतें. साठ हजारांतून यंत्राचे जातील ते जातील, बाकी ह्या खात्यावर मांडावे, असें आम्हीं मास्तरांस कळविलें.

हा मजकूर छापावयास जात असतांना त्यांचें दुसरें पत्र आलें. त्यांनीं अकोल्यास जाऊन सहा कोअरचें जुनें यंत्र अठ्ठावीस हजारांत घेतलें. 'स्पीडटेस्ट' मुलीनेंच चालविली. पहिल्या यंत्राचा आंकडा तिसऱ्या खेपेस उतरला म्हणून तिनें तें नाकारलें व दुसरें मागितलें. दुकानदारास तें फारसें रुचलें नाहीं, पण त्यानें दुसरें काढून दिलें.

पाटल्या परत देण्याचा प्रसंग मात्र सोपा गेला नाहीं. आजीबाईंनीं दोन दिवस त्यांस हात लाविला नाहीं. मास्तरांनीं आमचें पत्र वाचून दाखविलें, तरी उपयोग झाला नाहीं. तिसऱ्या दिवशीं त्यांनीं विचारलें कीं, नागपूरची स्पर्धा किती तारखेस आहे. आणि तारीख कळल्यावर पाटल्या हातांत चढविल्या, पण एका अटीवर. नात जेथें खेळेल तेथें त्या स्वतः बरोबर जाणार. तेव्हां शेगांवाहून नागपूरचीं तिकिटें तीन काढावीं लागलीं आहेत, व मास्तर विचारतात कीं, हा खर्च कोणत्या खात्यावर मांडावा.